पहिल्यांदा ट्रेड फेअरला स्टॉल लावताय? “अशीच तीनशे मिळतील का?” याचं उत्तर आधी तयार ठेवा

नाशिकच्या एका जोडप्याने विचारलंय. घरामागे त्यांचा छोटा सिरॅमिक स्टुडिओ आहे, बाउल, प्लेट, मग असं टेबलवेअर करतात, आतापर्यंत सगळं इन्स्टावरून आणि पुण्या-मुंबईच्या वीकेंड मार्केटमधून विकलंय, आणि आता पहिल्यांदाच दिल्लीच्या हँडिक्राफ्ट फेअरला, म्हणजे आयएचजीएफला, ९ चौरस मीटरचा स्टॉल घ्यायचा विचार चाललाय. पैसे वसूल होतात का, काय काय न्यायचं, आणि एवढ्या मोठमोठ्या एक्सपोर्टर लोकांत आमच्याकडे कोण बघणार, असे तीन प्रश्न आहेत.

मी पुण्यात तांब्याचं काम करते, कसब्यातल्या तांबट आळीतल्या कारागिरांबरोबर. दिवे, ट्रे, पाण्याची भांडी. सोळा वर्षं झाली. आयएचजीएफला नऊ वेळा आणि फ्रँकफर्टच्या अँबिएन्टेला, म्हणजे तिथल्या घरगुती वस्तूंच्या फेअरला, चार वेळा स्टॉल लावलाय, त्यामुळे जे सांगतेय ते सगळं स्वतः पैसे घालून शिकलेलं आहे. मटेरियल तुमचं वेगळं आहे पण हाताने केलेली वस्तू घेऊन होलसेल बायरसमोर उभं राहायचं म्हटलं की अडचणी जवळपास त्याच येतात.

पैशाचं आधी सांगते कारण तेच सगळ्यात जास्त टोचतं. पहिल्या फेअरला वसूल होत नाहीत. माझे ग्रेटर नोएडाच्या, म्हणजे आयएचजीएफ भरतं तिथल्या, पहिल्या वेळेला स्टॉल, ट्रान्सपोर्ट, हॉटेल, छापील कॅटलॉग सगळं धरून ३ लाख ४० हजार गेले आणि त्या वर्षात त्या फेअरमधून आलेली ऑर्डर होती फक्त एक. फ्रँकफर्टला पहिल्यांदा साडेअकरा लाख लागले. दुसऱ्या वर्षी तेच लोक परत आले, “अच्छा, तुम्ही परत आलात” म्हणाले, आणि तिसऱ्या वर्षी ऑर्डर दिली. बायरला आधी हे बघायचं असतं की हा माणूस पुढच्या वर्षी जिवंत आहे का. म्हणून एकाच फेअरचं बजेट करू नका, सलग तीन फेअरचं करा, आणि तेवढे पैसे बाजूला काढणं जमत नसेल तर सरळ एक वर्ष थांबा. एक्सपोर्ट प्रमोशन कौन्सिलच्या ग्रुपमधून परदेशी फेअरला गेलं तर सरकारी योजनेतून स्टॉलच्या भाड्यात मदत मिळते, एमएसएमई नोंदणीवर देशातल्या फेअरसाठीही योजना आहेत, पण बरेचदा आधी आपण भरायचं आणि नंतर बिलं लावून परत मागायचं असतं, तेव्हा ते पैसे हातात आहेत असं धरून चालू नका.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लांब लिहायला बसलेय.

पहिल्याच फेअरला दुसऱ्या दिवशी दुपारी एक परदेशी बाई आल्या, मठारकाम केलेला १४ इंची ट्रे उचलला, उलटा केला, कडेवरून बोट फिरवलं, आणि विचारलं, अशीच तीनशे मिळतील का? मी आनंदाने हो हो म्हटलं. तीच ती एक ऑर्डर. मठार म्हणजे काय ते माहीत नसेल तर, तांब्याच्या पत्र्यावर पॉलिश केलेल्या हातोडीने एकाला एक लागून ठोके मारत जायचं, त्याने पत्रा कडक होतो आणि त्यावर ते चमकणारे टिंब उमटतात. प्रत्येक ठोक्याला पत्रा किंचित ताणला जातो. म्हणजे एकाच मापाच्या तबकड्या चार कारागिरांना दिल्या तर चार वेगळ्या मापाचे ट्रे परत येतात, कारण हात वेगळे, हातोडी वेगळी, पत्रा मध्ये कितीदा तापवून मऊ केला ते वेगळं. सॅम्पल आमच्या आळीतल्या एका कारागीर काकांनी केलेलं होतं, ज्यांचा हात आळीत सगळ्यात सारखा चालतो. तीनशे ट्रे एकटे काका कुठून करणार, ते चार घरांत वाटले, आणि आम्ही पाठवलेल्यातले एकेचाळीस परत नाकारले गेले. काहींची कड डगमगत होती, काहींचे टिंब सॅम्पलपेक्षा दुप्पट मोठे होते. वस्तू म्हणून त्यातली एकही वाईट नव्हती हो, आजही त्यातला एक माझ्या घरी चहाला वापरते. पण त्या बाईंनी तो एक ट्रे बघून पैसे दिले होते आणि त्यांच्या गिऱ्हाइकाला कॅटलॉगमधल्या फोटोसारखाच हवा होता.

तेव्हा कळलं की फेअरला बायर वस्तू बघतो, पण पैसे मोजतो ते तीच वस्तू पुन्हा पुन्हा होईल या भरवशाचे. मग हातकामाने काय करायचं, मशीनसारखं व्हायचं का? अजिबात नाही. मशीनने ठोकलेलं तांबं मुरादाबादहून आपल्या निम्म्या किमतीत मिळतं, त्या मैदानात आपण उतरूच नये. मी जे केलं ते असं, की प्रत्येक डिझाइनचे तीन पीस ठेवायला लागले. एक मधला, म्हणजे ठरलेला. एक टिंब सगळ्यात बारीक असलेला आणि एक सगळ्यात मोठे असलेला. बायरला तिन्ही हातात द्यायचे आणि सांगायचं, तुमचा माल या दोघांच्या मधे असेल, याच्या बाहेर गेला तर माझा. मापाचंही तसंच, ३५५ मिलिमीटर, कमी-जास्त ४. मग करार झाला की तिन्हीवर दोघांच्या सह्या, एक सेट त्यांच्याकडे, एक माझ्या कपाटात, एक आळीत काकांच्या भिंतीवर टांगलेला. कारागिरांनाही याचं बरं वाटलं कारण “असं नको, तसं पाहिजे” हे हवेत बोलण्यापेक्षा समोर पीस असला की भांडणच होत नाही.

तुमच्याकडे हे ग्लेझचं, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराचं, होणार. एकाच भट्टीत वरच्या आणि खालच्या फळीवर रंग बदलतो, रिडक्शनमध्ये, म्हणजे भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवून, फायर करत असाल तर विचारूच नका. तुम्हाला त्याचं कौतुक आहे, असायलाच पाहिजे, पण त्याची रेंज टाइलवर काढून न्या. एका ग्लेझच्या पाच टाइल, पाच वेगवेगळ्या फायरिंगच्या, ओळीने चिकटवून. आणि भट्टीची वही असेल तर तीसुद्धा न्या, खरंच. माझ्याकडे एका डच बायरने काहीही न विचारता आधी काकांच्या कामाची वही चाळली होती, त्यातलं मराठी त्याला ओ की ठो कळत नव्हतं पण तारखा आणि आकडे दिसत होते.

आकड्यांवरून पुढचं. बायर चार गोष्टी विचारतो आणि चारही तोंडपाठ पाहिजेत: एफओबी भाव (म्हणजे माल आपल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च धरून), कमीत कमी किती पीस, किती दिवसांत, आणि सीबीएम. पहिल्या वर्षी मला सीबीएम म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. क्यूबिक मीटर, म्हणजे तुमचा माल पॅक करून किती जागा खातो. वीस फुटी कंटेनर आतून ३३ घनमीटरच्या आसपास असतो, पण खोके रचून प्रत्यक्षात २५ ते २८ बसतात. माझा एक दिवा होता, घुमटासारखा, लोकांना फार आवडायचा, आणि तो पॅक केला की मालापेक्षा त्यातल्या हवेचंच भाडं जास्त. एका बायरने माझ्यासमोर कॅल्क्युलेटर काढून दाखवलं आणि दिवा खाली ठेवला. परत आल्यावर त्याच दिव्याची बाजू जराशी निमुळती केली, वरचा हुक वेगळा स्क्रूने लागणारा केला, आणि एकात एक सहा बसायला लागले. तोच बायर पुढच्या वर्षी घेऊन गेला. तुमचे बाउल एकात एक बसतात का, मगचा कान बाहेर किती येतो, हे आत्ताच बघा, कारण कान एक सेंटिमीटर आत घेतला तर एका कार्टनमध्ये कदाचित चार मग जास्त बसतील.

भाव काढताना नुसता माल आणि मजुरी धरू नका. माझ्या अनुभवात एफओबी १,००० रुपयांची वस्तू युरोपातल्या दुकानात चार ते पाच पटीला लागते, कारण मधे भाडं, ड्युटी, गोडाऊन, इंपोर्टर, दुकानदार सगळे आहेत. तेव्हा उलटं चाला, ही वस्तू तिथल्या शेल्फवर किती युरोला शोभेल, तिथून मागे या, आणि तो आकडा तुम्हाला परवडत नसेल तर ती वस्तू होलसेलची नाही, ती तुमच्या इन्स्टावरच विका, त्यात कमीपणा नाही. आणि भावपत्रकावर मुदत घाला. माझं तांबं लंडन मेटल एक्सचेंजच्या भावावर रोज हलतं, मी ३० दिवसांच्या वर कोट देत नाही. तुमच्याकडे गॅस आहे, त्याचं तसंच.

अन्नाला लागणारी वस्तू असल्यामुळे तुम्हाला एक जास्तीचं काम आहे. पहिल्याच दिवशी कोणीतरी शिसं आणि कॅडमियमचा रिपोर्ट मागणार, लिहून ठेवा. मला जर्मन बायरने कल्हईतल्या कथलाचा रिपोर्ट मागितला होता, मी आळीत विचारलं तर काका म्हणाले चाळीस वर्षं याच दुकानातून कथील आणतो, चांगलं आहे. चांगलं होतंच, पण कागद नव्हता. ती चौकशी तिथेच मेली. आता दर लॉटची टेस्ट करते. तुम्ही तुमच्या प्रत्येक ग्लेझची लीचिंग टेस्ट, म्हणजे ग्लेझमधून अन्नात काय उतरतं त्याची तपासणी, मान्यताप्राप्त लॅबमधून करून रिपोर्टची फाइल स्टॉलवर ठेवा, एवढ्या एका फाइलीने तुम्ही आजूबाजूच्या निम्म्या स्टॉलच्या पुढे जाल.

स्टॉलबद्दल. ९ चौरस मीटर म्हणजे तीन बाय तीन, तयार पॅनेलच्या भिंती, वर नावाची पट्टी, दोन-तीन स्पॉटलाइट, एक प्लग, एक टेबल, खुर्च्या. त्या भिंतींना खिळा मारता येत नाही, वरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला हुक अडकवून चेनने लटकवायचं, आणि ती पट्टी फार वजन घेत नाही. मी पहिल्या वेळी चार-चार किलोचे दिवे लटकवले आणि रात्री पट्टी वाकलेली बघून झोप उडाली. सिरॅमिकला शेल्फ लागणार, ते स्वतःचे न्या, फोल्डिंगचे, घरी अंगणात खडूने तीन बाय तीनचा चौकोन आखून त्यात अख्खा स्टॉल एकदा उभा करून बघा आणि फोटो काढून ठेवा, म्हणजे तिथे रात्री दहा वाजता थकल्यावर डोकं चालवावं लागणार नाही. आणि पसारा मांडू नका. माझ्या पहिल्या स्टॉलवर ८६ वस्तू होत्या, लोक बाहेरूनच नजर फिरवून पुढे जायचे. आता बावीस ठेवते. तुम्ही एक कुटुंब दाखवा, मग-बाउल-प्लेट-सर्व्हिंग, दोन ग्लेझमध्ये, बाकीचं फाइलमध्ये.

उजेडावर मात्र खर्च करा. हॉलचा वरचा पांढरा दिवा तांब्याला आजारी माणसासारखा फिक्कट करतो. मी २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, स्वतःचे लाइट नेते आणि ते समोरून न लावता बाजूने तिरपे लावते, म्हणजे प्रत्येक टिंबाला सावली पडते आणि हातोडी दिसते. तुमच्या मॅट ग्लेझलाही तिरपा उजेडच लागेल, चकचकीत ग्लेझवर मात्र दिव्याचं टोचणारं प्रतिबिंब पडतं, तिथे डिफ्यूझर लावा. आणि वस्तू लोकांना उचलू द्या, प्लीज. ‘हात लावू नये’ ची पाटी दिसली की बायर थांबतच नाही. तांब्याला बोटांचे ठसे लागून संध्याकाळपर्यंत डाग पडतात, आम्ही रोज सकाळी हॉल उघडायच्या आधी तासभर सगळं पुसतो. तुमचे दोन-चार मग फुटतील. फुटू द्या.

कारागीर बरोबर न्यावा का हेही लोक विचारतात. मी काकांना दुसऱ्या वर्षी नोएडाला नेलं, कोपऱ्यात ओंडका ठेवून ते ठोकायला बसले की हॉलभर टण टण टण आवाज, लोक आवाजाच्या दिशेने चालत यायचे. शेजारच्या स्टॉलवाल्यांनी तक्रार केली, आणि त्यांचंही बरोबर होतं, त्यांना फोनवर बोलता येईना. मग दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं असं ठरलं. पण त्या पंधरा मिनिटांत जे व्हायचं ते कुठल्याही कॅटलॉगने झालं नाही. काकांना बघितल्यावर भावासाठी घासाघीस करणारा माणूस मी क्वचितच पाहिला.

त्यानंतर दोन वर्षांनी ते फ्रँकफर्टलाही आले. तिथे मेस्सेटुर्म टॉवरसमोर ‘हॅमरिंग मॅन’ आहे, जोनाथन बोरोफ्स्की यांनी केलेला, १९९१ पासून उभा असलेला २१ मीटरच्या वर उंच काळा माणूस, हातात हातोडा, आणि तो हात सतत वर-खाली होत असतो. फेब्रुवारीची थंडी, सगळे घाईने आत पळतायत, आणि काका मान वर करून उभे. मी दोनदा हाक मारली. म्हणाले, “ताई, याचा हात बघ, अजिबात घाई नाही.” नंतर आत जाऊन स्टॉल लावताना जर्मन भाषेतल्या नावाच्या पट्टीवर आमचं नाव चुकीचं छापलेलं निघालं, मी चिडून धावपळ करत होते, आणि ते शांतपणे एकेक ट्रे पुसत होते. माझ्यासाठी त्या अख्ख्या फेअरचं तेच चित्र राहिलंय.

परदेशी जाणार असाल तर एटीए कार्नेट नावाचा कस्टम्सचा कागद बघून ठेवा, भारतात तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते, त्यावर सॅम्पल ड्युटी न भरता नेऊन परत आणता येतात. पण परत आणायचेच. शेवटच्या दिवशी लोक सॅम्पल विकत मागतात आणि मोह होतो, कार्नेटवर नेलेली वस्तू तिथे विकली की भानगड होते. आणि लाकडी क्रेट असेल तर त्यावर उष्णता दिल्याचा आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडी पॅकिंगमधून कीड जाऊ नये म्हणूनच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का हवाच. आम्हाला एका एजंटने शिक्का नसलेला क्रेट देऊन “काही होत नाही” सांगितलं होतं, आणि आमचा माल फेअर सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी स्टॉलवर पोचला. पहिला दिवस रिकाम्या शेल्फसमोर फोटो दाखवत काढला.

कॉपीची भीती सगळ्यांना असते, आणि ती खरी आहे. माझा एक दिवा एका माणसाने स्टॉलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून नेला आणि सहा महिन्यांनी तोच दिवा पितळेत, मशीनवर केलेला, दुसऱ्या एका स्टॉलवर होता. मी नोंदणी केलेली नव्हती, गप्प बसावं लागलं. फार लागलं ते मला. आपल्याकडे डिझाइन्स अ‍ॅक्ट २००० खाली आकाराची, नक्षीची नोंदणी होते, दहा वर्षांसाठी, पुढे पाच वर्षं वाढवता येते. पण वस्तू आधी लोकांसमोर आली की ‘नवीन’ राहत नाही. प्रदर्शनासाठी कायद्यात कलम २१ ची सवलत आहे, पण ती ठरावीक प्रदर्शनांना आणि आधी कळवलं असेल तरच, त्यापेक्षा फेअरच्या आधी अर्ज टाकून मोकळं व्हा. सगळ्या वस्तूंचा नको, ज्या दोनवर तुमचा जीव आहे त्यांचा.

फेअर चालू असताना एक वही. कार्ड स्टेपल करायचं आणि शेजारी लिहायचं की या माणसाने काय उचललं, काय उलटं करून बघितलं, काय विचारलं. रात्री कितीही पाय दुखत असले तरी त्याच रात्री, कारण चौथ्या दिवशी सगळे चेहरे एक होतात. घरी आल्यावर सात दिवसांच्या आत प्रत्येकाला मेल, आणि त्यात ‘आमच्या स्टॉलला भेट दिल्याबद्दल आभार’ एवढंच नको, ‘तुम्ही निळा बाउल दोन वेळा उचललात, त्याचा १८ सेंटिमीटरचा भाव आणि कार्टनचं माप सोबत आहे’ असं. माझ्या आजच्या सहा कायमच्या बायरपैकी चार जण या मेलमधून आलेत, स्टॉलवर त्यांनी जेमतेम पाच मिनिटं घालवली होती.

तुमच्याकडे कोण बघणार, हे राहिलंच. मोठ्या एक्सपोर्टरकडे येणारा बायर तुमच्याकडे येणारच नाही, आणि ते चांगलंच आहे, त्याला दहा हजार पीस हवेत. तुमच्याकडे छोट्या दुकानांच्या साखळ्या, रेस्टॉरंट, इंटिरिअरवाले येतील. मी दोनशे पीसपर्यंत हो म्हणते, आणि त्याच्या वरचं काम असेल तर काकांशी बोलून दुसऱ्या दिवशी उत्तर देते. मोठ्या कामाला जागेवर हो म्हणायचं बंद केलंय.

आणि पॅकिंग आत्ताच सुरू करा, फेअरच्या आदल्या आठवड्यात नाही. सहा मगचा एक कार्टन भरा, ७६ सेंटिमीटर उंचीवरून एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहाही बाजूंवर पाडा, मग उघडून बघा. घरी पास झाला की तसाच एक कार्टन साध्या ट्रान्सपोर्टने, वर ‘फ्रॅजाइल’ न लिहिता, मला पुण्याला पाठवा. पत्ता मेसेज करते. उघडताना व्हिडिओ काढून काय फुटलं आणि कुठून फुटलं ते कळवते, दोन-तीन खेपा लागतील, लागू देत.